राउटरच्या आडचा संगणक आणि टेलस्केल

घराबाहेर असताना घरचा संगणक वापरता यावा, असे मला हवे होते. राउटरने त्याला दिलेला 192.168 ने सुरू होणारा पत्ता घराबाहेर निरुपयोगी असतो, म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून एका पोर्टवर, म्हणजे क्रमांकाच्या दारावर, येणारी जोडणी घरातल्या यंत्राकडे वळवणे) करण्याचा जुना उपाय मी आधी करून पाहिला. रिमोट डेस्कटॉपचा (दूरच्या संगणकाचा पडदा दाखवून तो चालवू देणाऱ्या विंडोजच्या सोयीचा) 3389 हा पोर्ट संगणकाकडे वळवला, राउटर दोनदा बंद करून चालू केला, तरी जोडणी होईना. शेवटी राउटरच्या सेटिंगमधला वॅन पत्ता (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) पाहिला, तर तो 100.72 ने सुरू होत होता. म्हणजे इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले होते आणि तिच्या बाजूचे दार उघडणे माझ्या हाती नव्हते. एका परीने बरेच झाले, कारण हा पोर्ट जगाला उघडा ठेवला की पासवर्ड ताडून पाहणारे प्रोग्राम लगेच धडका देऊ लागतात.

मग मी टेलस्केल वापरले. वेगवेगळ्या ठिकाणची यंत्रे एका खासगी जाळ्यात जोडणारे हे सॉफ्टवेअर वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या पद्धतीवर आधारलेले आहे. दोन्ही यंत्रांवर ते बसवून एकाच खात्याने लॉगिन केले की दोन्हीकडून बाहेरच्या दिशेने जोडणी सुरू होते, त्यामुळे राउटरमध्ये काहीही बदलावे लागत नाही. थेट वाट सापडेपर्यंत, किंवा सापडलीच नाही तर, माहिती रिले सर्व्हरमार्गे, म्हणजे मध्ये बसून ती पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरमार्गे, जाते. ती कूटबद्ध असल्याने रिलेला वाचता येत नाही. मोबाइल इंटरनेटवरून जोडल्यावर स्टेटसच्या यादीत आधी ‘रिले’ दिसले आणि काही क्षणांत त्याजागी ‘डायरेक्ट’ आले, तेव्हा अडखळणारा माउस एकदम सुरळीत चालू लागला.

मात्र हे केवळ जाळे जोडते, पडदा दाखवत नाही. त्यासाठी रिमोट डेस्कटॉप वेगळा लागतो, आणि विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून येणारी अशी जोडणी स्वीकारण्याची सोयच नाही. टेलस्केलमध्ये प्रत्येक यंत्राची किल्ली (जाळ्यातली त्याची ओळख) मुळात 180 दिवसांची असते; ज्या संगणकापाशी कोणी नसेल, त्याच्यापुरती ही मुदत घरून निघण्यापूर्वीच बंद करावी. सगळी भिस्त लॉगिनच्या खात्यावर असल्याने तिथे दुहेरी पडताळणी हवीच. यंत्रांची नोंद बाहेरच्या कंपनीकडे ठेवणे ज्यांना पटत नाही, त्यांच्यासाठी स्वतःच्या सर्व्हरवर चालणारे हेडस्केल आहे, पण तो सर्व्हर सांभाळण्याची तयारी लागते.

एक गोष्ट मात्र टेलस्केल करून देत नाही: झोपलेल्या संगणकाला जागे करणे, कारण त्यावरचे टेलस्केलही झोपलेलेच असते. म्हणून मी स्लीप बंद केले आहे आणि वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू व्हावे, हा पर्याय बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) लावून ठेवला आहे.