क्लोरहेक्सिडीन माउथवॉश: आधी कीटण काढा, मग बाटली उघडा

पाचपैकी चार देतो. बाटली चांगलीच आहे, पण आमच्याकडे खेड्यात ती ज्या पद्धतीनं दिली जाते त्यानं अर्धा फायदा वाया जातो. बाबांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, वास पण, तर मेडिकलवाल्यानं ही ०.२ टक्केवाली बाटली अन् सोबत अँटिबायोटिकची पट्टी दिली. गोळ्या होत्या तोवर बरं, मग पुन्हा तेच.

मग तालुक्याला दातवाल्या मॅडमकडे नेलं. त्यांनी आरशात दाताच्या मागचं कीटण दाखवलं अन् म्हणाल्या, "काका, जंतू सुटे नाही राहत, थर करून राहते." साखर खाल्ली की काही जंतू तिच्यापासून चिकट पदार्थ बनवतात, त्यात शेकडो जातीचे जंतू एकमेकांना धरून बसतात, यालाच बायोफिल्म म्हणतात. औषध वरवरचे मारते, आतपर्यंत नीट पोचतच नाही, अन् आत खोलवरचे जंतू इतके सावकाश वाढतात की वाढत्या जंतूंवर चालणारी अँटिबायोटिक त्यांना फारसं काही करत नाही. रांजणातलं शेवाळ नुसतं पाणी ओतून जात नाही, काथ्यानं घासावंच लागते, तसंच हे. लेव्हेनहूक नावाच्या डच संशोधकानं १६८३ च्या सुमारास दातावरचा थर भिंगाखाली पाहिला होता अन् व्हिनेगरनं बाहेरचे मरतात, थराच्या आतले जगतात हे त्यालाही दिसलं होतं, म्हणजे गोष्ट काही नवीन नाही!

थुंकीतल्या कॅल्शियमनं तो थर कडक होतो, तेच कीटण, मग ब्रशनं पण निघत नाही, मशीननंच काढावा लागतो. क्लिनिंग झाल्यावर हीच बाटली वापरली अन् रक्त थांबलं, हिरड्या गुलाबी दिसू लागल्या, मला तर खरंच आनंद झाला. दात ढिले होतात या भीतीनं लोक क्लिनिंग टाळतात, पण कीटणाखाली हिरडी अन् हाड आधीच सुटलेलं असते, कीटण निघालं की ते फक्त लक्षात येते.

वापरायचं कसं तर १० मिली, अर्धा ते एक मिनिट गुळण्या, पेस्टनंतर लगेच नाही, अर्धा तास थांबून, कारण पेस्टच्या फेसानं औषधाचा जोर कमी होतो. डॉक्टरनं सांगितले तेवढेच दिवस. एक गुण कापला तो चवीसाठी, जेवण बेचव लागते, अन् दातावर तपकिरी डाग पडतात, चहा-खर्रा चालू असला तर जास्तच.