आय-जेल की नळी : रुग्णवाहिकेत पहिला हात कशाला घालावा

हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाला रुग्णालय गाठेपर्यंत श्वास द्यायचा, तर अंबू बॅग (हाताने दाबायची हवेची पिशवी) व मास्क, आय-जेल (घशात स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारे मऊ साधन) आणि श्वासनलिकेतील नळी असे तीन मार्ग उपलब्ध असतात. सोलापूर परिसरात रुग्णवाहिकेवर काम करताना मी सुरुवातीला नळीचा कट्टर समर्थक होतो. आज माझा कल आय-जेलकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना त्याची वजावट करता येईल.

इंग्लंडमधील एअरवेज-२ या चाचणीत ९,२९६ रुग्ण होते आणि त्यातील विशेष असा, की चिठ्ठी रुग्णांची नव्हे तर पॅरामेडिकची टाकली होती. ज्याच्या वाट्याला जे साधन आले, ते त्याने पहिल्यांदा वापरायचे. मेंदूचे कार्य समाधानकारक राहून सावरलेले रुग्ण आय-जेलच्या गटात ६.४ टक्के आणि नळीच्या गटात ६.८ टक्के निघाले, म्हणजे फरक नाहीच म्हणावा. श्वास प्रत्यक्ष पोहोचवण्यात मात्र आय-जेलला ८७.४ टक्के, तर नळीला ७९ टक्के यश आले. त्याच २०१८ साली फ्रान्स आणि बेल्जियममधील अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या १०८ प्रमाणेच तेथील गाडीवर डॉक्टर असतात, म्हणून तो आपल्याला अधिक जवळचा. त्यात मास्क व नळी यांची तुलना होती. निष्कर्ष ठाम निघाला नाही, पण पोटातील अन्न वर येण्याचे प्रमाण मास्कच्या गटात १५.२ टक्के आणि नळीच्या गटात ७.५ टक्के होते. मास्क चांगला धरता येणे ही कला आहेच, तरी भरल्या पोटाच्या रुग्णाला वाटभर केवळ मास्कवर ठेवण्याचा धीर मला होत नाही.

आकड्यांनी मात्र माझे मत बदलले नाही. ते बदलले उन्हाने. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास, मोहोळच्या अलीकडे, महामार्गाच्या कडेला मी नळी टाकण्यासाठी लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात पाहायचे दिव्याचे साधन, लावून आत पाहत होतो आणि मला काहीच दिसत नव्हते. दिव्याचा दोष नव्हता. डोळे बाहेरच्या झगझगाटाला सरावलेले असल्याने घशातील मंद उजेड अंधारासारखाच वाटत होता. शेवटी रुग्णाच्या मुलाने अंगावरची चादर माझ्या डोक्यावर धरली आणि तिच्या आत स्वरतंतू कसेबसे नजरेस पडले. हा खटाटोप चालू असताना छाती दाबणारा सहकारी ‘थांबू का?’ असे तीनदा विचारत होता आणि मी तीनदा थांबायला सांगितले. किती सेकंद गेले, ते मोजले नाही; फार गेले, एवढे मनाला माहीत आहे. आय-जेल बसवायला आत डोकावावे लागत नाही, त्यात हवा भरावी लागत नाही आणि छातीवरचे दाबही सहसा चालू ठेवता येतात. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

अर्थात आय-जेलच्याही कुरबुरी आहेत. फुप्फुसे ताठ असली, उदाहरणार्थ दम्याच्या जोरदार झटक्यात किंवा बुडालेल्या रुग्णात, तर हवा बाजूने गळते आणि तेव्हा नळीला पर्याय नाही. तोंड पुरेसे उघडत नसेल, तर आय-जेल बसतच नाही. नळीनंतर श्वासनलिका जितकी सुरक्षित होते, तितकी हमी हे साधन देत नाही. शिवाय एअरवेज-२ मध्ये अपघाताने हृदय थांबलेले रुग्ण वगळले होते आणि लहान मुले नव्हतीच; त्यामुळे या महामार्गावरच्या जखमींना तो आकडा चिकटवू नये. ज्याचा नळीवर रोजचा हात आहे, दिव्याची जोड असलेले व्हिडिओ साधन आहे आणि कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) चालू स्थितीत आहे, त्याने नळी निवडली तर मी वाद घालणार नाही. आठवड्यातून एखादी नळी टाकणाऱ्याने मात्र जपून राहावे, असे मला वाटते.

माझ्या बॅगेत आता चार क्रमांकाची आय-जेल वरच असते, तीन आणि पाच बाजूला, वंगणाची ट्यूब त्यांच्याशी रबराने बांधलेली, कारण ऐन वेळी ती सापडत नाही. सक्शन, म्हणजे घशातील स्राव ओढून घेणारे यंत्र, कायम जोडलेले ठेवतो. लॅरिंगोस्कोप खालच्या कप्प्यात आहे. त्याच्या शेजारी घडी करून ठेवलेला काळा पंचाही आहे.