दोन दिवसांचं बास्केटबॉल रेफरी क्लिनिक : थ्रो-इनच्या तासातच पैसे वसूल

क्लिनिकचं (म्हणजे रेफरींच्या ट्रेनिंग शिबिराचं) नाव देत नाही कारण खाली थोड्या तक्रारी आहेत आणि मला त्यांच्याशी भांडण नकोय. पुण्यात, शनिवार-रविवार, फी १५०० रुपये. मुलगी अंडर-१४ खेळते आणि सोसायटीच्या मॅचला शिट्टी वाजवायला दरवेळी माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून म्हटलं एकदा नीट शिकून घेऊ.

पहिला दिवस खरं सांगू का, झोप आली. पीपीटी, पीपीटी आणि पीपीटी. सिग्नल तर आरशासमोर घरी पण करता येतात.

पण रविवारी सकाळी सर आम्हाला कोर्टवर घेऊन गेले आणि फक्त थ्रो-इनच्या (लाइनबाहेरून बॉल आत टाकण्याच्या) डिफेन्सवर जवळजवळ दीड तास काढला, आणि तेव्हा कळलं की मी दोन वर्षं कट्ट्यावरून "रेफरी, एक मीटर, एक मीटर!" म्हणून ओरडत होतो ते बहुतेक वेळा चुकीचं होतं. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात ते १ मीटर सरसकट नाहीच आहे! लाइनच्या बाहेर भिंत, बेंच वगैरे अडथळा २ मीटरच्या आत असेल तरच डिफेन्डरने बॉल टाकणाऱ्यापासून १ मीटर लांब राहायचं. मागे मोकळं मैदान असेल तर तो लाइनला अगदी नाक लावून उभा राहू शकतो, हात वर करून नाचू शकतो, फक्त बॉल लाइनपलीकडून आत येईपर्यंत त्याच्या शरीराचा कुठलाही भाग लाइनच्या वरून बाहेर जायला नको, बोटसुद्धा नाही.

सरांनी मुद्दाम भिंतीकडची साइडलाइन निवडली (आपल्याकडे शाळांची कोर्ट अशीच, भिंतीला चिकटून) आणि जमिनीवर टेप लावून मोजून दाखवलं. मी डिफेन्डर झालो. हात पुढे घातला की शिट्टी. मग शेजारच्या ताईंना म्हणाले, "ताई, आता तुम्ही कोच, मी तुम्हाला येऊन काय सांगणार?" पहिल्यांदा असेल तर वॉर्निंग, ती खेळाडूला द्यायची आणि कोचलाही कळवायची, आणि ती मॅच संपेपर्यंत अख्ख्या टीमला लागू. म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्याच पोराने हात घातला तरी टेक्निकल फाउल (नियम मोडल्याचा, धक्काबुक्कीशिवायचा फाउल) मिळू शकतो, आणि त्याचे आईवडील भडकणार की आमच्या पोराला तर वॉर्निंगच दिली नव्हती 😅 चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या २ मिनिटांत आणि ओव्हरटाइममध्ये तर वेगळंच, तिथे बॉल देतानाच रेफरी लाइनला समांतर हात हलवून सूचना देतो, तीच वॉर्निंग, त्यानंतर हात बाहेर गेला की थेट टेक्निकल, समोरच्या टीमला १ फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटवर मारायचा बॉल).

आता मुख्य तक्रार. हातात दिलेल्या नोट्स जुन्या. त्यात लिहिलंय की शेवटच्या २ मिनिटांत बॉल टाकायच्या आधी डिफेन्डरने कोर्टात फाउल केला तर अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला न शोभणारा, जास्त गंभीर फाउल). अहो, २०२२ पासून त्याला थ्रो-इन फाउल म्हणतात, टीम फाउल किती झालेत ते न बघता १ फ्री थ्रो आणि बॉल परत थ्रो-इन करणाऱ्या टीमलाच. एका मुलाने फोनवर नियमपुस्तिका उघडून दाखवली तेव्हा सरांनी लगेच मान्य केलं, ते आवडलं, पण १५०० घेऊन जुन्या झेरॉक्स वाटणं बरोबर नाही. पुस्तिका फिबाच्या साइटवर फुकट मिळते हो.

अजून एक, टाकणाऱ्याच्या बाजूचं फार घाईत उरकलं. ५ सेकंदांत बॉल टाकायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण फाउल किंवा आऊटनंतर त्याला बाजूला एकूण १ मीटरच सरकता येतं, मागे मात्र जागा असेल तेवढं जाता येतं, आणि बास्केट झाल्यावर बेसलाइनमागे हवं तसं पळता येतं, हे सगळं ५ मिनिटांत सांगून जेवायला सोडलं. आमच्या मॅचमध्ये निम्मी भांडणं याच्यावरच होतात.

जेवण ठीकठाक, पुरीभाजी गार. पाणी स्वतःचं न्या.

पाचपैकी साडेतीन. नवीन रेफरी असाल तर जा, आणि चौकशी करताना आधी विचारा की नोट्स कुठल्या वर्षाच्या आहेत. एक दिवसाचं पास मिळत असेल तर सरळ रविवारचं घ्या.