कास की सागरेश्वर? एकच दिवस हाताशी असेल तर

सप्टेंबर लागला की सांगलीत ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "फुलं बघायला कासला जाऊ, की जवळचं सागरेश्वर अभयारण्य बरं?" मी आधी उलट विचारते, तुम्हाला फुलं बघायचीत, की कोरड्या रानातलं झाड कसं तगतं ते?

कास पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात पश्चिम घाटाचा समावेश झाला, त्यात कासही आलं. फोटोत हिरवंगार दिसलं तरी हे पठार म्हणजे जांभ्या खडकावरचा मातीचा पातळ थर. पावसाळा सरला की इथे उन्हात तापलेला कातळ उरतो. म्हणून इथल्या बहुतेक वनस्पती चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात, तर काही कंदाच्या रूपात जमिनीखाली दडून बसतात. टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच फुलते.

मातीत नत्र कमी, त्यामुळे काहींनी किडे पकडायची सोय केली आहे. सीतेची आसवं ही जांभळी फुलं सगळेच बघतात. त्यांच्या मातीतल्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव ओढून घेतात, हे कुणाला दिसत नाही. दवबिंदू ही किडे खाणारी दुसरी वनस्पती बघायची तर उकिडवं बसा. पानावरच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो, आणि चिलट अडकलं की केस हळूहळू त्याच्यावर वाकतात.

पण वरून दूरवरचं दिसावं अशी अपेक्षा असेल, तर त्या दिवसांत कासचा भरवसा नाही. धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही.

त्यासाठी सागरेश्वर. देवराष्ट्रे गावाजवळचं हे अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं. उजाड डोंगरावर माणसांनी उभं केलेलं हे रान आहे, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. माथ्यावर उभं राहिलं की खाली कृष्णाकाठचा ऊस आणि द्राक्षबागा दिसतात, आणि पायाशी खैर, बोर, हिवर ही काटेरी झाडं. पाण्याची रेलचेल आणि पाण्यावाचून जगणं एकाच नजरेत मावतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

इथे फुलांचे गालिचे नाहीत. हिवराची फिकट साल, छत्रीसारखा पसारा आणि पावसाळ्याच्या अखेरीस येणारी पिवळसर गोंड्यांची फुलं निवांत बघावी लागतात. बोरीचे काटे जोडीने येतात, बहुतेकदा एक सरळ, एक आकडीसारखा. नशिबात असेल तर सांबर, चितळही दिसतात.

लहान मुलं, आजी-आजोबा सोबत असतील आणि फुलं पहिल्यांदाच बघायची असतील, तर कासच. मात्र आठवड्याच्या मधला दिवस धरा आणि प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी आधी करा. फुलांत बसून फोटो काढू नका, तुडवलेलं रोप बी धरत नाही. कास एकदा झालं असेल किंवा गर्दी सोसत नसेल, तर मी सागरेश्वरच सांगेन. सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या, कपडे जाडसर घाला. खैराची आकडी बाहीत अडकली तर ओढू नका. एक पाऊल मागे सरका, ती आपोआप सुटते.