आठ महिने सोशल मीडियावर वह्या विकल्या, त्याचा अनुभव (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

आधी मी काय करते ते सांगते म्हंजे पुढचं कळेल. मी हाताने शिवलेल्या वह्या बनवते. कागद दुमडायचे, टोच्याने भोकं पाडायची, जुजबंदी करायची (म्हंजे दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे दोऱ्याने एकत्र शिवायचे), पुठ्ठा, कापड, खळ, मग रात्रभर वजनाखाली ठेवायचं, एका वहीचे दोन दिवस कुठे जातात कळत नाही. ओळखीतलेच घ्यायचे. मग सगळ्यांनी मागे लागून लागून सांगितलं की अगं ऑनलाइन टाक की, फुकट तर आहे, म्हणून टाकलं. इन्स्टाग्राम, फेसबुक पेज, यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, चार ठिकाणी दुकान मांडलं. एक्सवर (आधीचं ट्विटर) पण खातं काढलेलं, तिथे पंधरा दिवसात दम निघाला, सोडून दिलं.

आठ महिन्यात मला कळलेली गोष्ट एकच आहे, ती आत्ताच सांगून टाकते. हे प्लॅटफॉर्म मोजतात. फोटोत वही आहे का मांजर एवढं मशीनला ओळखता येत असेल, पण तुम्ही म्हणताय ते खरं का खोटं, कामाचं का बिनकामाचं, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. किती जण थांबले, किती वेळ थांबले, किती जण बोलले, किती जणांनी पुढे पाठवलं, हे मोजायचं आणि ज्याचा आकडा मोठा त्याला अजून लोकांसमोर ठेवायचं. बाकी सगळं यातून निघतं.

पहिल्या महिन्यात मी मोठ्ठे कॅप्शन लिहायचे. कागद कुठला, दोरा मेणातून का काढायचा, असं सगळं. कोणी वाचत नव्हतं हे नंतर समजलं. मग आकड्यांच्या नादी लागले, एक शीट केली आणि त्यात चारही ठिकाणचे व्ह्यूज शेजारी शेजारी लिहायला लागले, आणि दोन महिने तुलना करत बसले की इथे जास्त चालतंय, तिथे कमी चालतंय. सगळा वेळ पाण्यात! कारण व्ह्यू म्हणजे काय हे प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं असतं. फेसबुकने वर्षानुवर्षं तीन सेकंदांना व्ह्यू धरलं, यूट्यूबच्या शॉर्ट्सवर ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ सुरू झाला की लगेच व्ह्यू पडतो, किमान वेळेची अटच नाही. म्हंजे एकीकडचे शंभर आणि दुसरीकडचे शंभर हे वेगवेगळे शंभर. बरं फेसबुकला स्वतःलाच २०१६ मध्ये कबूल करावं लागलं होतं की आपण जाहिरातदारांना सरासरी बघण्याचा वेळ फुगवून दाखवत होतो, कारण तीन सेकंदांच्या आत पळून गेलेले लोक सरासरीत धरलेच नव्हते. नापास पोरं वगळून वर्गाची सरासरी काढल्यासारखं झालं हे. मी शीट डिलीट केली.

पण तोवर माझं बोलणं बदललेलं. पहिल्या तीन सेकंदात पकडायचं म्हणून मी प्रत्येक व्हिडिओ "थांबा! ही चूक तुम्हीही करताय!" असा सुरू करायला लागले. बहीण म्हणाली, ताई तू अशी कधीपासून बोलायला लागलीस, कोणी मागे लागलंय का तुझ्या. तिला हसले, पण रात्री जुने व्हिडिओ लावले आणि खरंच दुसरीच बाई बोलत होती. भांड्याप्रमाणे पाणी आकार घेतं म्हणतात ना तसं. ट्विटरचे १४० अक्षरांचे दिवस आठवतायत का, ते मुळात एसएमएसच्या १६० अक्षरांत बसावं आणि नावाला जागा उरावी म्हणून होते, आणि २०१७ मध्ये २८० केले तोवर अख्ख्या जगाला तुटक बोलायची सवय लागून गेलेली. इन्स्टाग्रामवर २०१५ पर्यंत फोटो चौकोनीच टाकावा लागायचा. आता सगळं उभं, जानेवारी २०२५ पासून तर प्रोफाइलवरच्या चौकोनी खिडक्याही उभ्या केल्या. याचा माझ्यावर काय परिणाम झाला सांगू? माझ्या आडव्या वह्या, चित्रं काढणाऱ्यांना त्या फार आवडतात, त्या उभ्या फ्रेममध्ये पट्टीसारख्या दिसतात, त्यांना प्रतिसाद कमी, म्हणून मी त्या बनवणं कमी केलं. कोणी सांगितलं नव्हतं. सहाव्या महिन्यात कपाट उघडलं तर सगळ्या उभ्या वह्या. फोनच्या आकाराने माझा माल ठरवला, आणि मला वाटत होतं गिऱ्हाइकाला हेच हवंय.

आता मुख्य भानगड.

तिसऱ्या महिन्यात मी एक व्हिडिओ टाकला, "भिजलेलं पुस्तक असं वाचवा". वीस सेकंदांचा. पुस्तक उघडून कडक उन्हात उभं ठेवलंय, वाऱ्यावर पानं हलतायत, मस्त पिवळा उजेड, गाणं. मी लहानपणापासून तसंच करत आले होते. आणि तो चालला. असा चालला की माझे बाकी सगळे व्हिडिओ मिळून जेवढे नव्हते त्याच्या कितीतरी पट एका आठवड्यात. मी हवेत.

चौथ्या दिवशी एका माणसाने खाली लिहिलं की हे चुकीचं आहे, कडक उन्हात पानं वाकतात, शाई फिकट होते, गुळगुळीत कागद असेल तर पानं एकमेकांना चिकटून वीट होते. मी चिडले, मग शोधलं, मग एका बाइंडिंगवाल्या काकांना फोन केला, आणि तो माणूस बरोबर होता. योग्य पद्धत म्हणजे सावलीत, पंख्याचा वारा खेळता ठेवून, पानांमध्ये टिपकागद घालायचा, ओला झाला की बदलायचा, परत घालायचा, जवळजवळ सुकलं की मगच वजनाखाली. गुळगुळीत कागद असेल तर पान न पान सुटं ठेवायचं. आणि पुस्तकं खूप असतील, दोन दिवसात सुकवणं होणार नसेल, तर चक्क फ्रीझरमध्ये, म्हंजे बुरशी धरत नाही आणि निवांत एकेक काढून सुकवता येतं. लायब्ऱ्या हेच करतात. मला हे माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी हजारो लोकांना शिकवून बसले. हात दाखवून अवलक्षण.

पण खरी मजा पुढे आहे. त्या एकाच्या मागून अजून लोक आले चूक सांगायला. मग माझ्या बाजूने बोलणारे आले, आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच करतात वगैरे. मग त्यांची आपसात जुंपली. आणि दर कॉमेंटला व्हिडिओ अजून पुढे! सरळ दिसत होतं आलेखात, भांडण पेटलं त्या रात्री सगळ्यात जास्त लोकांपर्यंत गेला. म्हंजे जे बिचारे चूक थांबवायला आले त्यांनीच ती ढकलत नेली, आणि मी प्रत्येकाला "धन्यवाद, दुरुस्त करते" असं उत्तर देत होते त्या माझ्या उत्तरांनीही ढकललीच. मशीनला काय, कॉमेंट ती कॉमेंट.

हे मी माझ्या मनाने बोलत नाहीये. फेसबुकने २०१७ पासून लोकांच्या भावनांच्या खुणांना, म्हणजे राग, हार्ट, हसू वगैरे, साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलेलं होतं, हे २०२१ मध्ये कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली तेव्हा छापून आलं. रागावलेला चेहरा म्हंजे पाच लाइक. ज्या पोस्टवर लोक संतापतात त्यात खोटंनाटं जास्त निघतं हे त्यांच्याच लोकांच्या लक्षात आलं, मग वजन कमी करत करत रागाचं शून्यावर आणलं. आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सव्वा लाखांच्या वर बातम्या तपासल्या तर खोटी गोष्ट रिट्वीट व्हायची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. तीही बॉटमुळे, म्हंजे आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळे नाही, माणसांमुळे. मला हे वाचून जरा बरं वाटलं आणि जरा लाज वाटली. कारण माझ्याच दोन व्हिडिओंचं बघा ना. उन्हातलं पुस्तक बघायला छान, एका दमात समजतं, करायला सोपं. टिपकागद बदलत बसणे, हा काय व्हिडिओ आहे का? मी केला तरी. दुरुस्तीचा व्हिडिओ, दीड मिनिटाचा, सगळं नीट समजावून. पहिल्याच्या शंभरातल्या एकालाही तो पोचला नसेल. साहजिक आहे, त्यात भांडण्यासारखं काही नव्हतंच.

जुन्यावर दुरुस्तीची कॉमेंट पिन केली, डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलं, पण स्क्रोल करणारा माणूस तिथपर्यंत जातोय कशाला. त्या प्लॅटफॉर्मवर (नाव घेत नाही, दुसरीकडेही वेगळं नाही) चढवलेला व्हिडिओ बदलून दुसरा ठेवता येत नाही. सपोर्टला लिहिलं की बाबांनो माझाच व्हिडिओ आहे, चुकीचा आहे, याच्यावरच ठळक सूचना लावता येईल का, तर दहा दिवसांनी उत्तर आलं की आपली पोस्ट आमच्या नियमांत बसते, काळजी नसावी. धन्य! इथे मला एक्सच्या कम्युनिटी नोट्सचं कौतुक वाटतं, २०२१ मध्ये बर्डवॉच नावाने सुरू झालेलं ते, त्यात वापरणाऱ्यांनीच लिहिलेली दुरुस्ती त्याच पोस्टला खाली चिकटते, आणि एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा दोन्ही बाजूंच्या लोकांना ती पटली तरच दिसते. उशीर होतो त्यात, पण निदान जागा बरोबर आहे. शेवटी मी व्हिडिओ उडवला. आकड्यांकडे बघत बघत, दोन दिवस मन घट्ट करून. खोटं कशाला बोलू.

मार्केटिंगचं सांगते थोडक्यात, कारण त्यात मी तरबेज नाही. एकदा पैसे भरून एक पोस्ट बूस्ट केली. लाइक धो धो आले, ऑर्डर शून्य. मी चिडून बसले की फसवलं, मग कळलं की बूस्ट करताना उद्देश विचारतात तिथे मी "जास्त प्रतिसाद" निवडलेलं. मशीनने अगदी चोख काम केलं, ज्यांना दिसेल ते लाइक करायची सवय आहे असे लोक शोधून आणले. वही घेणारे लोक मागितलेच नव्हते मी! त्यामुळे पैसे टाकायचे तर उद्देशाच्या पानावर दहा मिनिटं थांबा, बाकी सेटिंग नंतर. आणि "आवडलं तर यस लिहा" हा प्रकार करू नका, असल्या पोस्ट फेसबुक २०१७ च्या शेवटापासून मुद्दाम खाली ढकलतं. मी केलेला, पाच दिवस, गप्प बसले मग.

मग ऑर्डर आल्या कुठून? माझ्या वहीत (हो, वहीत) नोंद आहे. आठ महिन्यांत ७३, त्यातल्या ५१ जणांनी विचारल्यावर सांगितलं की मैत्रिणीने फोटो पाठवला, ऑफिसच्या ग्रुपवर आला, भावाने लिंक दिली. म्हंजे खाजगी गप्पांतून, जिथलं मला काहीच दिसत नाही, ना आलेख ना आकडा. मार्केटिंगवाले याला २०१२ पासून डार्क सोशल म्हणतात, नाव भुताटकीसारखं आहे पण गोष्ट साधी, माणसाने माणसाला सांगणे. फीडवर मी दिवसाचे दोन तास घालवत होते आणि गिऱ्हाईक मागच्या दाराने येत होतं. हे कळल्यावर मी एकच बदल केला, प्रत्येक फोटो असा काढते की तो एकटा कुठे गेला तरी त्यावर वहीचं माप, पानं किती आणि माझा पत्ता काय हे वाचता येईल. कॅप्शन मागे राहतं, फोटो पुढे जातो.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस मात्र मनापासून आवडलं. लेबलं लावता येतात, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पाठवलं, कॅटलॉग आहे, ठरलेली उत्तरं साठवता येतात. फक्त निळ्या टिका बंद करा पहिल्या दिवशी. रात्री एकला मेसेज बघितला आणि झोपले, तर सकाळी "बघून उत्तर देत नाही, माज आलाय" असं वाचायला मिळालं. २०१४ च्या आधी बघितलं का नाही हे कोणाला कळायचं नाही आणि जग चाललं होतं की. यूट्यूबचं एक चांगलं, जुने व्हिडिओ सर्चमधून महिन्यांनी पण लोकांना सापडतात, बाकी ठिकाणी दोन दिवसांनी पोस्ट मेली. इन्स्टाग्राम दाखवायला ठीक. फेसबुक पेज मी नुसतं पाटीसारखं ठेवलंय.

सध्या आठवड्याला दोनच पोस्ट टाकते. आडव्या वह्या परत सुरू केल्यात.

आणि तो उन्हातला व्हिडिओ. मी उडवला खरा, पण तोवर कोणीतरी उतरवून घेऊन, माझं नाव कापून, गाणं बदलून आपल्या नावाने टाकलेला. व्हॉट्सअ‍ॅपने खूप फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण आणलीये आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, त्याने असले फॉरवर्ड ७० टक्के घटले असं त्यांनी सांगितलेलं. परवा फॅमिली ग्रुपवर आत्याने एक व्हिडिओ टाकला, वर दोन बाण. पिवळं ऊन, पानं हलतायत, कोपऱ्यात माझ्या हातातली बांगडी. खाली आत्याचा मेसेज, "बघ गं, तुझ्या कामाचं आहे."