सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेताय? आधी पट्टी बदलून बघा

डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत मिरजेचा तानपुरा उभा करायला कोपरा नाही. चार-पाच फुटांचं वाद्य, भोपळ्याला जरा धक्का लागला तरी चीर जायची भीती. म्हणून मुलीच्या रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्यायचं ठरलं. गाण्याच्या एका ग्रुपवर जाहिरात आली: ‘क्लास बंद केला, नामांकित कंपनीचा तानपुरा, फक्त साडेतीन हजार.’ सोबतच्या व्हिडिओत जोड (मधल्या दोन तारा) आणि खर्ज (शेवटची, खालच्या सुराची तार) अगदी सुरेख वाजत होते. पैसे आधी पाठवायचे, तानपुऱ्याची पेटी कुरिअरने येणार.

पेटी आली. नाव तेच, बटणंही तीच. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून, आवाज बराही वाटला. मुलीची पट्टी काळी चार. तिथपर्यंत बटण फिरवलं, तर सूर चढला आणि तारा छेडायची लयही धावत सुटली! आवाज पातळ, जवारी म्हणजे तारांचा गुंजारव पार गायब. क्लासच्या ताईंनी ऐकताक्षणी सांगितलं, ‘हे रेकॉर्डिंग आहे.’ मागचे स्क्रू काढले तर आत गाणी वाजवणाऱ्या स्वस्त स्पीकरमधला सर्किट बोर्ड आणि मेमरी कार्ड. काळी चार हा काळी एकचा पंचम, म्हणजे ‘प’. एकच फाइल तिथवर चढवायची तर ती दीडपट वेगाने पळवावी लागते. खऱ्या यंत्रात सूर आणि लय वेगवेगळ्या बटणांवर असतात, एक बदललं तर दुसरं हलत नाही. शिवाय फाइल संपून पुन्हा सुरू होताना दर वेळी एक बारीक गचका बसायचा. सुराला कान तयार होण्याच्या वयात मुलांनी असल्या आवाजात सा लावायचा, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप येतो.

तक्रार केल्यावर तो माणूस फार गोड बोलला. ‘पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ हा दुसरा सापळा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. आम्ही नकार देताच त्याने नंबर ब्लॉक केला. १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. असं झालं तर तुम्हीही लगेच फोन करा. पैसे पुढे वळवले जाण्याआधी खातं गोठलं तरच काही हाती लागतं.

शक्यतो यंत्र समोर बसून घ्या. लांबून घ्यायचंच असेल तर व्हिडिओ कॉलवर आपल्या पट्टीत लावायला सांगा, मग नुसती लय कमी करायला, मग पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणायला. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप शेजारी सुरू ठेवा. यंत्रावरचा अनुक्रमांक कंपनीला कळवून खात्री करा.

तीच जाहिरात आता वेगळ्या नावाने, वेगळ्या नंबरवरून पुन्हा फिरते आहे. फोटो मात्र तोच: काचेचा टीपॉय, मागे निळा पडदा.