लेप मारणारे बरेच भेटले, चर खणणारे हे एकच मिस्त्री

वेंगुर्ल्याजवळ आमचं जांभ्याचं घर. स्वयंपाकघराची मागची भिंत तीन पावसाळे ओली. पोपडे नेमके चतुर्थीला, घर भरलेलं असताना ओट्यावर पडायचे. गेल्या वर्षी एकाने आतून ‘गॅरंटीचा’ लेप मारला. जुलैत फुगला, ऑगस्टात गळाला.

यंदा आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या कामांत गावातलेच मिस्त्री बोलावले. भिंतीकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ मागीलदारी गेले, पायाने फरशी ठोकली. “ही कोणी घातली?”

मीच. चार वर्षांपूर्वी, चिखल नको म्हणून. तिच्यामुळे मागचं अंगण जोत्याच्या बरोबरीला आलं, उतारही घराकडे. वळचणीच्या पागोळ्या त्यावर आपटून भिंतीवर उडायच्या. जांभा पाणी पितोच. बाहेरून सिमेंटचा गिलावा करून त्याची सुकायची वाटही आम्हीच बंद केलेली.

फरशी उखडली. भिंतीपासून तीन हात सोडून, डोंगराच्या अंगाला चर खणला. आत कापड, खडी, त्यावर भोकं पाडलेला चार इंची पाइप, वर पुन्हा खडी आणि कापडाची घडी. भोकं खाली बघून मी टोकलं, पाइप उलटा पडलाय. “काकानू, पाणी खालसून वर चढता,” एवढंच बोलले. उतार दर दहा फुटांना दीड इंच, तोही पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मोजून. मला दोन वेळा नळी धरून उभं केलं. छपराला पन्हळ लावली, तिचं पाणी वेगळ्या पाइपने व्हाळात, म्हणजे ओढ्यात सोडलं. मातीचा उतार घरापासून बाहेर काढला, खालचा गिलावा दोन फूट खरवडून टाकला.

खर्च अडतीस हजार. सहा दिवस म्हणाले, अकरा लागले. मधे दोन दिवस फोनही उचलला नाही. राडारोडा माडांच्या मुळाशी टाकून गेले, तो मीच काढला. चराचं तोंड आधी शेजाऱ्यांच्या गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे होतं, बोलाचाली झाली, मग फिरवून दिलं.

आमच्याकडे मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. यंदा जुलैच्या झडीत त्या पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार चालू होती, पाऊस थांबल्यावरही दोन दिवस. हे सगळं आधी भिंतीत जात होतं. भिंत अजून पुरती सुकलेली नाही, लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, खालच्या चिऱ्यांवर दिसतो, पण चतुर्थीला ओटा स्वच्छ होता. रंग पुढच्या मे महिन्यापर्यंत लावू नका म्हणालेत. पन्हळीत फणसाची पानं अडकतात. शिडी लावून ती काढायचं काम माझ्याकडे आलंय.